डाव्या चाकाची आतली बाजू

वणी
८ सप्टेंबर २०२५

ती. मामाजी,

नमस्कार. परवा फोन केला होता. तुमच्या रजतने उचलून तुमच्या कानाला लावला, तर तुम्ही तीनदा 'हॅलो' म्हणालात आणि 'कोणी बोलूनच नाई राह्यलं' म्हणून ठेवून दिलात. मी इकडे एवढी ओरडत होते की घरमालकीण वर येऊन पाहून गेली. म्हणून पत्र. तुम्हीच म्हणाला होतात, कान गेले पण डोळे शाबूत आहेत, लिहीत जा.

काम टायरचं आहे. एस. टी.च्या टायर सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढलेला मामा असताना मी दुसऱ्या कोणाला विचारू? माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर आतल्या बाजूने पार घासून गेला आहे. उभं राहून बाहेरून पाहाल तर नवा वाटतो. खाली वाकून आत बोट फिरवलं की नक्षीच नाही. चारही टायर मे महिन्यातच बदललेत, बाकीचे तिन्ही चांगले आहेत. पोळ्यापासून गाडी डावीकडे ओढते आहे.

गाडी माझी नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी गावोगाव रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरावं लागतं, म्हणून आमच्या संस्थेने नागपूरच्या एका कंपनीकडून तीन वर्षांच्या करारावर, लीजवर घेतलेली. दिवाळीनंतर मुदत संपते. त्यांचा माणूस येऊन गाडी वरून-खालून तपासणार. करारात लिहिलंय की झीज 'सर्वसाधारण' असावी, आणि गाडीला काही अपघात झाला असेल तर तो त्या वेळीच कळवलेला असावा. कंपनी नवी गाडी देईल की नाही हे त्या माणसाच्या कागदावर आहे.

इथला टायरवाला पिंटू म्हणतो, "मॅडम, पुढचा मागं टाकून देतो, मागचा पुढं. तपासणाऱ्याच्या बापालेबी नाई समजत." करू का तसं?

रस्तेच असे आहेत, दुसरं काय. मी हल्ली राजूरकडून जात नाही, फेऱ्याने जाते, तरी फरक नाही. मामाजी, हसाल, पण जेवता जेवता उठून मी खाली जाते आणि तो टायर पाहून येते. आज तीनदा गेले. पाहून काय होणार आहे?

मामींना नमस्कार. लवकर लिहा.

तुमची,
निशिगंधा


दिग्रस
१३ सप्टेंबर

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तू पुस्तकातल्यावाणी लिहते, मले काई तसं जमत नाई. जसं बोलतो तसं लिहतो.

आधी त्या पिंटूले सांग का हात लावू नको. टायर मागं टाकला म्हणून चाकाचं दुखणं मागं जात नाई. पुढं जो नवा टाकशीन तोही खाईन. एक-एक करून चारही आतून जातीन, अन् मंग तपासणाराच काय, आंधळाही सांगीन.

आता मी सांगतो तसं कर. गाडी सपाट जागी उभी कर. त्या टायरवर तळहात ठेव अन् बाहेरून आत फिरव, मंग आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत अन् दुसरीकडून करवतीच्या दात्यावाणी लागलं, त चाकाचं तोंड जरासं फिरलं आहे. ते मशीनवर सरळ होते, अर्ध्या घंट्याचं काम. पण दोनीकडून गुळगुळीतच लागलं, त चाक वरतून आत झुकलं आहे. चाक उगाच नाई झुकत. मंग रिम पाह्य. आतून चेंबलं का बाहेरून? टायरच्या पोटाले फुगा आला का? सरळ रस्त्यानं चालली त स्टिअरिंग सरळ राह्यते का वाकडं?

सगळं खरं लिहजो. दवाखान्यात जसं तू लोकायले म्हणते ना, का दुखणं पुरं सांगा, तसं.

एक गोठ समजली नाई. राजूरचा रस्ता काहून सोडला? नाल्यापलीकडच्या पोडावर, त्या आदिवासी वस्तीवर जायले तोच जवळ पडते म्हणून तूच सांगतलं होतं.

रजत पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत तुह्याइकडे आलता, तवापासून गाडी गाडीच करून राह्यला. ताईची गाडी राजूरपर्यंत चालवली म्हणे. पोट्ट्याले लायसन भेटून महिना नाई झाला अन् तू त्याच्या हाती गाडी देते? तुही मामी म्हणते चिवडा पाठवतो. पाठवीन.

मामा
विठ्ठलराव


वणी
१९ सप्टेंबर

ती. मामाजी,

चिवडा मिळाला. तुम्ही सांगितलं तसं केलं. हात दोन्हीकडून गुळगुळीत फिरतो. फुगा नाही. रिमची आतली कड ठीक आहे, बाहेरची एका जागी घासली आहे आणि थोडी चेंबली आहे. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं.

एखाद्या खड्ड्यात आदळली असेल. कोणत्या, ते आठवत नाही. राजूरचा रस्ता कोळशाच्या ट्रकांमुळे सोडला. धूळ फार असते. त्यात विशेष काही नाही.

एक विचारते. खालचा जो भाग वाकला असेल तो बदलला आणि टायर नवा टाकला, तर तपासणाऱ्याला कळतं का? म्हणजे, तुम्हाला कळलं असतं का?

कामात लक्ष लागत नाही. काल एका बाईच्या रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर दुसरीचं नाव लिहिलं. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

निशिगंधा


दिग्रस
२५ सप्टेंबर

चि. निशिगंधा,

तुहं पत्र चारदा वाचलं. मले राग आला आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं.

तुह्या गाडीले खड्ड्यानं काई नाई केलं. खड्ड्याचा मार खालतून बसते. रिमची आतली कड चेंबते, टायरच्या पोटाले फुगा येते. तुह्या चाकाचं रिम बाहेरून घासलं. म्हणजे मार बाजूनं बसला, अन् उंचावरून बसला. वरचं आंग आत दाबलं अन् शॉकअप वाकलं. असा दगड रस्त्याच्या मधात नसते, काठाले असते. पुलाच्या कठड्याचा असते. चालता चालता गाडी रस्त्याखाली उतरली अन् कठड्याले घासली, ते बी जोरात. असं झाल्यावर चालवणाऱ्याले आठवत नाई, हे मी मानतच नाई.

अन् झीज पाह्यली त तीन हजार किलोमीटरच्या आतली आहे. तू रोजची किती चालवते ते तूच लिहलं. तुह्या पह्यल्या पत्रापासून मागं हिशेब केला. पंधरा ऑगस्ट येते.

रजतले मी समोर बसवलं. म्हटलं, खरं सांग. तो म्हणे, "बाबा, मी कोठीच नाई ठोकली." म्हटलं, मंग ताई काहून लपवून राह्यली? तुलेच वाचवून राह्यली ना? तो म्हणे, "मले काय माईत? गाडी आधीपासूनच डावीकडे ओढत होती." म्हणजे ताईवर ढकलून राह्यला! मी हात उचलला. बावीस वर्षाच्या पोट्ट्यावर. तो तसाच उठून गेला. पुसदले मित्राकडे आहे म्हणते. दोन दिवस झाले. तुही मामी माह्याशी बोलत नाई.

तू लहानपणापासून त्याच्या चुका पोटात घालते. या वक्ती नको घालू. खरं लिह्य.

मामा


वणी
२७ सप्टेंबर, स्पीड पोस्टने

ती. मामाजी,

रजतला आजच्या आज घरी आणा. त्याने काही केलेलं नाही. मी केलं.

चौदा ऑगस्ट, संध्याकाळ. अंधार नव्हता पडला. मी पोडावरून परत येत होते. गोळ्या वाटून झाल्या होत्या. राजूर यायच्या आधी लहान पूल आहे. समोरून दोन ट्रक आले, एक दुसऱ्याला ओलांडत. माझ्यावरच येत होता. मी गाडी डावीकडे घेतली, डांबराखाली. तिथे एक माणूस होता. हातात सायकल, सायकलवर गवताचा भारा, पायी चालला होता.

दोन आवाज झाले. दुसरा पुलाच्या कठड्याचा, त्याने माझे दातांवर दात आपटले. तुम्ही म्हणालात तसाच. पहिला आवाज त्याच्या आधी झाला. हलका होता. त्याच्याबद्दल टायरला काही माहीत नाही, मला माहीत आहे.

आरशात सायकलचं एक चाक फिरताना दिसलं. माणूस दिसला नाही. मागून एक ट्रक येत होता, त्याचे दिवे दिसले. मी थांबले नाही. 'ट्रकवाला थांबेल' असं माझ्या मनात आलं, हे मला स्वच्छ आठवतं. माझ्या मागच्या सीटवर पट्ट्या होत्या, रक्तदाबाचं यंत्र होतं, सगळं होतं. मी आरोग्याचं काम करते आणि मी थांबले नाही. वणीत येऊन गाडी धुतली. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला गेले.

पोळ्यापासून गाडी ओढते असं लिहिलं, ते खोटं. रजत पंधराला म्हणाला होता, "ताई, डावीकडे ओढून राह्यली." मी त्याला म्हटलं, तुला चालवता येत नाही. बिचारा वरमला.

त्या दिवसापासून मी पोडावर गेलेली नाही. तिथे सात मुलं गोळ्यांवर आहेत. त्यांच्या गोळ्या कधीच्याच संपल्या असतील. तो माणूस मेला की जगला, मला माहीत नाही. विचारायला तोंड उघडलं की बंद होतं. म्हणून मी तुम्हाला टायरचं विचारत होते. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, 'असं होतेच, काई नाई.' आणि मग खरंच काही नव्हतं असं होईल.

निशिगंधा


दिग्रस
४ ऑक्टोबर

चि. निशिगंधा,

हे पत्र वाचून फाडून टाकजो.

रजतले पुसदवरून घेऊन आलो. माफी मागायले तोंडच नाई उघडलं. बसस्टँडवर त्याले जिलेबी घेऊन देल्ली. त्यानं खाल्ली. खाता खाता म्हणे, "ताईचं काय झालं?" मी काई नाई सांगतलं.

आता माहं ऐक. झालं ते झालं. तो माणूस मेला असता त पेपरात आलं असतं, गवगवा झाला असता. दीड महिना झाला, काई नाई झालं. म्हणजे बरा असीन. मागच्या ट्रकवाल्यानं पाह्यलं असीन त त्यानं उचलला असीन.

तू अशी कर. गाडी घेऊन नागपूरले जा. वणीत कोणाले दाखवू नको. तिकडं डाव्या चाकाचं शॉकअप बदल, रिम बदल, दोनी पुढचे टायर नवे टाक. पेंट मारून घे. अन् गाडी देऊन टाक. मंग पांढरकवडा का कळंब, कोठीबी बदली मागून घे. तू विचारलं होतं का मले समजलं असतं का. मले समजलं असतं. त्या कंपनीच्या पोट्ट्याले नाई समजत.

मी एकतीस वर्षं चाकाखाली पडून काढले, कोणाचं वाकडं लपवलं नाई. आता लपव म्हणून सांगून राह्यलो. तुही माय गेली तवा तू अकरा वर्षाची होती. तिनं तुहा हात माह्या हातात देल्ला होता. तुले ठाण्याच्या पायरीवर पाहाले नव्हता देल्ला.

जा म्हटलं त जा.

मामा


वणी
१४ ऑक्टोबर

ती. मामाजी,

तुमचं पत्र फाडलं नाही.

ते वाचून दोन दिवस मला फार बरं वाटलं. भूक लागली. मामाजी म्हणाले म्हणजे झालं, असं वाटत राहिलं. गुरुवारी रजा टाकून नागपूरला निघाले. वरोऱ्यापर्यंत गेले. चहाला थांबले आणि पुन्हा टायर पाहायला वाकले. आतून तार दिसायला लागली होती. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, या टायरवर जीव घेऊन फिरून राह्यल्या का?" मी गाडीत बसले आणि परत फिरले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. चांगलं काही मनात आलं होतं असंही नाही. नागपूरला जाऊन, सगळं बदलून पुन्हा याच खोलीत यायचं आहे, एवढंच आलं.

हळूहळू चालवत थेट राजूरवरून पोडावर गेले. पहिल्याच घरातून धुरपताबाई बाहेर आल्या. त्यांची नात माझ्याकडे गोळ्यांवर आहे. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, कोठी गेल्त्या तुमी? पोरीच्या गोळ्या सरल्या, हातपाय दुखतेत म्हणून रडते." मी गोळ्या काढून दिल्या. आत खाटेवर त्यांचे मालक, उकंडा टेकाम, पाय लांब करून पडले होते. मांडीत सळई टाकलेली, वर पट्ट्या. मी त्यांना पूर्वी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ओळखलं नाही.

मी विचारलं, कसं झालं?

धुरपताबाई म्हणाल्या, "ट्रकवाल्यानं उडवलं ना बाई. गवत घेऊन येऊन राह्यले होते. राजूरचा पोट्टा आहे, संघदीप नावाचा. उडवलं, अन् मंग त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. तठी लोकायनं धरला त्याले. बम मारला, भुवई फोडली. केस आहे त्याच्यावर."

मामाजी, तो मागचा ट्रक. तो थांबला होता. मला वाटलं होतं तसा तो थांबला, आणि थांबला म्हणून त्याला धरलं.

मी म्हटलं, "ट्रकने नाही उडवलं. मी उडवलं. पांढरी गाडी माझी होती."

धुरपताबाईंना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चुलीवर माझ्यासाठी चहा ठेवला होता. तो उतरवला आणि बाजूला ठेवून दिला. उकंडाबाबा वर आढ्याकडे पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "तू थांबली काहून नाई?"

मी म्हटलं, "भेली."

"मीबी भेलो होतो," ते म्हणाले. "पडल्यावर आवाज देल्ला तुले. गाडी कोणती ते भाऱ्याआडून नाई दिसलं." मग म्हणाले, "माहं जाऊ दे. माहा पाय जुडून राह्यला. त्या पोट्ट्याचं पाह्य."

तिथून राजूरला गेले. संघदीप घरीच होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. लायसन ठाण्यात जमा, मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवलेला. डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे. मी दारातच सांगितलं. त्याच्या आईने तोंडाला पदर लावला. तो मात्र हसला, मामाजी. ते हसू मला विसरता येत नाही.

"दोन महिने बोंबलून राह्यलो, पांढरी गाडी होती, पांढरी गाडी होती," तो म्हणाला. "दवाखान्यात लोकायनं नाव विचारलं, आडनाव विचारलं, अन् मंग ऐकणंच बंद केलं. सरळ निघून गेलो असतो त आज कामावर असतो. तुमी गेल्या न सरळ."

मी म्हटलं, मी ठाण्यात जाते.

"जा. मी सोबत येत नाई. तुमचं तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, कायले आंगावर घेता? कोणी दबाव आणला का? त्या पोराच्या घरचे येऊन भेटले का? मी म्हटलं, गाडी पाहा. त्यांनी खिडकीतून पाहिली. म्हणाले, टायर तर सगळ्यांचेच घासतात.

खरं सांगूनही ते खरं धरत नाहीत. आता काय करू? पंचवीस तारखेला कंपनीचा माणूस गाडी न्यायला येतो आहे.

निशिगंधा


दिग्रस
१७ ऑक्टोबर, स्पीड पोस्ट

निशिगंधा,

टायरले हात लावू नको. हवा भरू नको. गाडी जागची हलवू नको. पिंटू आला त हाकलून दे. कंपनीवाल्याले लिहून टाक का गाडी ठाण्याच्या कामात आहे, तारीख पुढं घ्या.

मागचं पत्र मी लिहलं ते भेऊन लिहलं. तू वरोऱ्यावरून परतली, मी दिग्रसमधी बसल्या बसल्या नागपूरपर्यंत गेलतो. मोठ्या माणसानं भाचीले असं लिहू नये. रजतले आता सगळं सांगतलं. त्याची माफीबी मागतली, त्याच्या मायसमोर. तो म्हणे, "जाऊ द्या बाबा, चला वणीले."

त्या साहेबाले म्हणाव, ट्रकची चाकं कोणी पाह्यली का? ट्रक कठड्याले घासला असता त कठडा राह्यला नसता. अन् कठड्याच्या दगडावर कोणत्या उंचीवर मार आहे, ते कोणी मोजलं का?

मी येऊन राह्यलो. दिवाळी पाहात नाई. परवाच्या सकाळच्या गाडीनं यवतमाळ, तठून वणी. रजत सोबत आहे, माहे कान म्हणून.

मामा


वणी
१२ डिसेंबर २०२५

ती. मामाजी,

तुम्ही गेल्यापासून लिहायचं राहिलंच. तुम्हाला जेवढं माहीत आहे त्याच्यापुढचं सांगते.

ठाण्यातले ते साहेब अजून तुमची आठवण काढतात. तुम्ही त्यांना पुलापाशी नेलंत, काठीने चाकाची उंची मोजून तीच काठी कठड्याला लावलीत, आणि नेमक्या त्या जागी दगडावर पांढरा रंग आणि काळं रबर निघालं. रजत तुमच्या कानात ओरडत होता, "साहेब विचारून राह्यले, रबर दुसऱ्या गाडीचं नसीन कशावरून?" आणि तुम्ही साहेबांचा हात धरून माझ्या टायरवर फिरवलात. आतून, मग बाहेरून. त्यांनी हात काढून घेतला नाही. मी लांब उभी होते. एवढी घाबरलेली असूनही मला वाटलं, हे माझे मामा आहेत.

संघदीपवरची केस मागे घेतली. लायसन पंधरा दिवसांपूर्वी मिळालं. जुन्या मालकाने परत ठेवलं नाही. त्याने दुसरा ट्रक धरला. केस आता माझ्यावर आहे. पहिली तारीख जानेवारीत. वकील म्हणतात, स्वतः सांगितलंत हे चांगलं झालं, पण थांबला नाहीत हे राहणारच. मी म्हटलं, राहू द्या.

ठाण्याने गाडी सोडल्यावर कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. पोरसवदा होता. त्याच्या कागदावर 'अपघात' असा रकाना होता. तो विचारत होता, काय लिहू? मी पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही घेतली. नवी गाडी मिळणार नाही. संस्थेने मला ठेवलं, पण केस संपेपर्यंत गाडी चालवायची नाही.

त्यामुळे मी एस. टी.ने राजूरला उतरते आणि पुढे पायी. पाठीवर गोळ्यांची बॅग. एका दिवसात आता दोनच गावं होतात, पूर्वी पाच व्हायची. उकंडाबाबा काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. मी त्यांचा रक्तदाब पाहते. धुरपताबाई नातीच्या गोळ्या मोजून घेतात, बोलत नाहीत. मीही बोलायला लावत नाही.

मन अजून स्वस्थ नाही, मामाजी. तुम्ही म्हणाला होतात, सांगून टाकलं का हलकं वाटते. नाही वाटत. मागून ट्रक आला की पाय आपोआप रस्त्याखाली जातात. पण जेवताना आता उठत नाही.

परवा असंच चालले होते. मागून ट्रक आला. मी खाली उतरून उभी राहिले. तो पुढे गेला आणि थांबला. डावीकडचं दार उघडलं. वर पाहिलं तर संघदीप.

"पोडावर ना? बसा."

मी चढले. त्याने गिअर टाकला. त्या पुलावरून गेलो तेव्हा त्याने वेग कमी केला, कठड्याकडे पाहिलं, आणि पुढे काढला.

फाट्यावर मी उतरले. दार धरून म्हटलं, "थांबलात माझ्यासाठी."

तो समोरच्या काचेतूनच पाहत होता.

"तुमच्यासाठी नाई, मॅडम," तो म्हणाला. "कोणीबी रस्त्यानं पायी दिसलं त मी थांबतो. आधीपासूनच."

त्याने हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गेला.

तुमची,
निशिगंधा